चेहऱ्याचा हट्ट आणि नामपट्टीचा अधिकार

शिवाजी महाराजांच्या चित्रांविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे त्याचा फार मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो : ‘हे चित्र अस्सल आहे का?’ वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या ग्रंथातील उत्कीर्ण चित्राकडे लक्ष वेधले, आणि तोवर महाराजांचे म्हणून सर्वत्र लावले जाणारे चित्र वस्तुतः इब्राहिम खान नामक एका सरदाराचे असल्याचे दाखवून दिले. त्यामुळे हा प्रश्न सुटला, असा सार्वत्रिक समज झाला. बेंद्रे यांच्या संशोधनाचे मोल वादातीत आहे. मात्र त्यांनी पुढे ठेवलेल्या पुराव्यातून जो खरा प्रश्न उभा राहत होता तो मराठी समीक्षेने कधी विचारलाच नाही. एका परक्या सरदाराचे चित्र कित्येक वर्षे, कोणालाही न खटकता, ‘शिवाजी’ म्हणून कसे चालू शकले? त्या चित्रात अधिकार दिसत होता, आणि तो चेहऱ्यातून येत नव्हता, हे उघड आहे. मग तो कोठून येत होता?

हा प्रश्न चित्रकलेच्या इतिहासकारांचा आहे, वाङ्मयसमीक्षेचा त्याच्याशी संबंध काय, असे म्हणून तो टाळण्याची आपल्याकडे सोय आहे. ती सोय नाकारली पाहिजे. ज्या चित्राची चर्चा चालू आहे ते भिंतीवरचे चित्र नव्हे. ते ग्रंथातले चित्र आहे. ते शीर्षकपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना यांच्या शेजारी छापले जाते, त्याच्याखाली मजकूर असतो, आणि तो मजकूर वाचल्याशिवाय चित्र ‘पाहून’ होत नाही. अशा चित्राला संहितेचा भाग मानायचे नाही तर दुसरे काय मानायचे?

सतराव्या शतकातील युरोपात, ज्याला बरोक काळ म्हणतात त्या काळात, ताम्रोत्कीर्ण व्यक्तिचित्राने आपले एक पक्के व्याकरण सिद्ध केले. मध्ये लंबवर्तुळाकार चौकट, चौकट दगडी असल्याचा भास देणारी छायांकित कोरणी, खाली चौथरा, चौथऱ्यावर लॅटिन लिपीत कोरल्यासारखा लेख, लेखाच्या मध्यभागी कुलचिन्ह, क्वचित मागे स्तंभ आणि बाजूला सारलेला जड पडदा. लेखात आधी नाव, मग पदे, मग वय किंवा वर्ष. सर्वांत खाली बारीक अक्षरांत चित्र कोणी रेखाटले आणि कोणी कोरले याची नोंद, आणि ‘अड व्हिवुम’, म्हणजे प्रत्यक्ष पाहून काढल्याची ग्वाही. या रचनेत माणूस खिडकीतून डोकावत नाही. तो स्मारकात बसविला जातो. हयात असतानाच त्याला दगडाचे टिकाऊपण बहाल केले जाते, आणि हा दगड कागदावर काळ्या रेघांनी केलेला असल्यामुळे तो शेकडो घरांत एकाच वेळी उभा राहू शकतो. अधिकार भव्यतेतून येतो तसाच तो पुनरावृत्तीतूनही येतो, हे राजेशाहीला या माध्यमाने शिकविले.

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६६० मध्ये सॅं-ज्यॉं-द-ल्यूझ येथून काढलेल्या आज्ञेने उत्कीर्णनाला कारागिरांच्या संघांच्या बंधनातून मुक्त करून स्वतंत्र कलेचा दर्जा दिला. त्याच्या दोनच वर्षे आधी रोबेर नांतय (१६२३–१६७८) याची राजाचा चित्रकार-उत्कीर्णक म्हणून नेमणूक झाली होती. नांतयने दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रे कोरली : राजा, मंत्री, धर्माधिकारी, न्यायाधीश. त्याची काही मोठी चित्रे विद्यापीठीय प्रबंधाच्या जाहीर वादसभेसाठी छापल्या जाणाऱ्या पत्रकांच्या शिरोभागी येत. वर आश्रयदात्याचा चेहरा, खाली उमेदवाराने मांडावयाचे सिद्धान्त. ज्ञान कोणाच्या छत्राखाली उभे आहे हे सिद्धान्त वाचण्यापूर्वीच कळावे, अशी ती व्यवस्था होती.

या व्याकरणात चेहऱ्याचे स्थान कोणते, याचे उत्तर देणारे एक उदाहरण कलेतिहासात प्रसिद्ध आहे. प्येर लोंबार या उत्कीर्णकाने व्हॅन डाइकच्या अश्वारूढ राजचित्राच्या धर्तीवर एक मोठा ताम्रपत्रा कोरला. त्यावर घोडा, चिलखत, शेजारचा सेवक, मागचा देखावा हे सर्व कायम राहिले. शिर मात्र अनेकदा बदलले. कधी तेथे क्रॉमवेल आला, कधी चौदावा लुई, कधी ज्याचा क्रॉमवेलच्या पक्षाने शिरच्छेद केला तो पहिला चार्ल्स. घासणीने पत्र्यावरचे डोके पुसायचे, नवे कोरायचे, खालचा लेख बदलायचा, की राजाच्या घोड्यावर राजहंता बसतो आणि राजहंत्याच्या घोड्यावर पुन्हा राजा. एका अवस्थेत तर त्या स्वाराला डोकेच नाही, आणि तरीही तो अधिकारी पुरुष आहे याविषयी पाहणाऱ्याला यत्किंचित शंका येत नाही. सत्ता धडात, घोड्यात, दंडात आणि नामपट्टीत आहे. चेहरा ही भरावयाची रिकामी जागा आहे.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. नांतयची थोरवी तर चेहऱ्यातच आहे. तो माणसाला समोर बसवून रंगीत खडूंनी अभ्यासचित्र करी आणि मगच पत्र्याकडे वळे. त्याने गालाची त्वचा, डोळ्याखालची सैल घडी तुटक रेघा आणि ठिपक्यांनी साकारली. हे सर्व खरे आहे. परंतु हा आक्षेप वरील मांडणीला बाधक ठरत नाही, पूरकच ठरतो. चेहऱ्यातील सूक्ष्म साम्य ही सत्तेच्या दाव्याची साक्ष म्हणून येते. ‘हा माणूस खरोखर असा आहे’ हे पटले की ‘म्हणून त्याची पदेही खरी आहेत’ हे आपोआप पटते. साम्य हा पुरावा आहे. त्यातून जे सिद्ध करावयाचे ते चौथऱ्यावर कोरलेले आहे. पुराव्यालाच निष्कर्ष समजण्याची चूक नांतयच्या ग्राहकांनी केली नव्हती. ती चूक मराठी समीक्षेने केली.

आता व्हॅलेंटाइनकडे वळावे. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन (१६६६–१७२७) हा डॉर्ड्रेख्टचा धर्मोपदेशक. त्याचा पूर्वेकडील देशांविषयीचा प्रचंड ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात डॉर्ड्रेख्ट आणि आम्स्टरडॅम येथून प्रसिद्ध झाला. त्याची नोकरी झाली ती अंबोन आणि जावा या भागांत. १६८० मध्ये शिवाजी महाराज निवर्तले तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता आणि त्याने पूर्वेचा प्रवास अद्याप केलेलाच नव्हता. त्याच्या ग्रंथातील चित्राच्या मागे उभी आहेत ती गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बव्हंशी युरोपीय ग्राहकांसाठी, केलेली राजपुरुषांची लघुचित्रे. आम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्या संग्रहातील असा एक संच आज तेथील राइक्स संग्रहालयात आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. १६७७ मध्ये महाराज कुतुबशहाच्या भेटीस भागानगरला गेले होते. तेव्हा तेथील कोणा चित्रकाराने त्यांना पाहिले असणे अशक्य नाही, हे संशोधकांचे म्हणणे मान्य करण्यास हरकत नाही. पण लघुचित्रातून ताम्रपत्र्याकडे जाताना काय घडले, हे कोणी सांगायचे?

गोवळकोंड्याच्या चित्रकाराचे व्याकरण वेगळे होते. तेथे पद सांगतात ती पागोट्यावरचा तुरा, मोत्यांचे सर, जाम्याचे वस्त्र, हातातील शस्त्र आणि सपाट, निष्कंप पार्श्वभूमी. प्रकाश एका बाजूने येत नाही, म्हणून छाया पडत नाही. राजपुरुषावर छाया पडू नये हा तेथला संकेत आहे. उत्कीर्णकाजवळ रंग नाही. त्याच्याजवळ केवळ रेघ आहे, आणि रेघेने तो छाया पाडतो. जे लाल-सोनेरी होते ते जाड-बारीक होते. जे वस्त्राच्या किमतीतून कळत होते ते आता शरीराच्या घनतेतून कळवावे लागते. दख्खनी दरबाराचे एक विधान बरोक गद्यात अनुवादित होते. अनुवादाची चर्चा करताना ‘मूळ लेखक असाच दिसत होता का?’ असे कोणी विचारत नाही. येथे मात्र आपण नेमके तेच विचारत बसलो.

या हट्टामागे दोन परस्परविरोधी दिसणाऱ्या, पण मुळात एकाच जातीच्या भूमिका आहेत. पहिली साधननिष्ठ इतिहासकाराची. तिच्या मते चित्र हे साधन आहे. ते विश्वसनीय असेल तर ठेवावे, नसेल तर टाकावे. साधन स्वतः काही बोलते, त्याला स्वतःचा हेतू असतो, हे तिला मानवत नाही. दुसरी भूमिका अलीकडची, देशीवादाच्या आणि वसाहतवादोत्तर चिकित्सेच्या परिभाषेत बोलणारी. तिच्या मते परक्याने कोरलेले चित्र म्हणजे परक्याची नजर. ते ‘आपले’ नाही, म्हणून त्याज्य. पहिलीला चित्रातून अस्सल चेहरा हवा आहे, दुसरीला अस्सल नजर. अस्सलतेचा मोह दोघींनाही सुटलेला नाही. दुसरीने तर व्हॅलेंटाइनच्या चित्रामागे उभा असलेला दख्खनी चित्रकार पुसूनच टाकला. परक्याच्या नजरेचा निषेध करताना आपल्याच कारागिराला अदृश्य करायचे, याला चिकित्सा म्हणता येत नाही.

मराठी परंपरेने अधिकाराची अभिव्यक्ती कशी केली होती याकडे या दोन्ही पक्षांनी पाहिले असते तर वादाचे स्वरूपच पालटले असते. राज्याभिषेकाच्या काळातील सुवर्ण होन आणि तांब्याची शिवराई यांवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे आहेत, चेहरा नाही. हा पर्याय ठाऊक नव्हता म्हणून चेहरा नाही, असे म्हणता येत नाही. त्याच शतकाच्या प्रारंभी जहांगीराने स्वतःची प्रतिमा असलेल्या मोहरा पाडल्या होत्या. महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेतही केवळ संस्कृत लेख आहे. त्याहून मागे गेले तर कोकणातील शिलाहारकालीन ताम्रपट आहेत. शके ९३० चा रट्टराजाचा खारेपाटणचा ताम्रपट वंशावळ सांगतो, बिरुदे सांगतो, दानाच्या सीमा सांगतो. तांब्यावर कोरणे ही क्रिया महाराष्ट्राला डचांनी शिकविली नाही. आपल्याकडे तांब्यावर चेहरा न कोरता हक्क कोरला गेला, आणि तो हक्क वाचणाऱ्यापर्यंत पोचविण्यासाठी कोणाचे नाक सरळ होते की बाकदार याची कोणाला गरज वाटली नाही.

म्हणजे बरोक उत्कीर्ण चित्रात जी नामपट्टी चौथऱ्यावर आहे, तीच मराठी परंपरेत संपूर्ण चित्र होती. हे लक्षात घेतले की ‘महाराजांचा खरा चेहरा’ शोधण्याची तहान सतराव्या शतकाची नसून मुद्रणाच्या युगाची आहे, हे स्पष्ट होते. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला; घरोघरी भिंतीवर लावण्यासाठी चेहरा हवा झाला. तो हवा होणे यात गैर काही नाही. गैर आहे ते या नव्या गरजेला इतिहासाची शाश्वत गरज समजणे आणि त्या मापाने सर्व चरित्रांना मोजणे.

येथे हा विषय चित्रांपुरता उरत नाही, तो चरित्रवाङ्मयाचा होतो. मराठी चरित्राची आदर्श प्रत कशी असते? आरंभी गुळगुळीत कागदावर चरित्रनायकाचे छायाचित्र, खाली नाव आणि जन्ममृत्यूची वर्षे, क्वचित स्वाक्षरी, पुढे वंशवृक्ष, मग जन्मापासून मृत्यूपर्यंतचे प्रकरणवार कथन. ही बरोक चौकटच आहे, केवळ लंबवर्तुळ गळून पडले आहे. विद्यापीठीय गौरवग्रंथांत तर शाल-श्रीफळासह घेतलेले सत्कारमूर्तींचे छायाचित्र आणि त्याखालील पदांची यादी पाहिली की नांतयच्या प्रबंधपत्रकांची आठवण होते : वर आश्रयदाता, खाली शिष्यांचे सिद्धान्त. ज्या मंडळींना सत्तेची चिन्हव्यवस्था दरबारात दिसते त्यांना ती स्वतःच्या गौरवग्रंथाच्या पहिल्या पानावर दिसू नये, हे नवल आहे.

या चौकटीत जे मावत नाहीत त्यांचे काय होते, हे पाहण्यासाठी चिरनेरला जावे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, पनवेल-उरणच्या पट्ट्यातील हे गाव. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथील अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. भोवतालच्या गावांतून आलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले आणि मामलेदार जोशी हेही मारले गेले. हुतात्म्यांच्या नामावळीत धाकू गवत्या फोफेरकर आहेत, नाग्या महादू कातकरी आहेत, रामा बामा कोळी आहेत, आलू बेमट्या म्हात्रे आहेत. ही नावे उच्चारली की लक्षात येते : येथे पदे नाहीत, बिरुदे नाहीत, माणूस, त्याचा बाप, आणि जात किंवा कूळ. राजपुरुषाच्या चौथऱ्यावर नावामागून जे येते ते त्याला वर उचलते. येथे नावामागून जे येते ते त्याला त्याच्या माणसांत नेऊन बसविते.

रानात लाकूड तोडणाऱ्या, मिठागरात आणि खाडीवर राबणाऱ्या वर्गाच्या माणसाला १९३० मध्ये कोणी कशासाठी समोर बसवून चित्र काढावे? व्यक्तिचित्र हा प्रकारच असा आहे की त्याला आधी पैसा देणारा लागतो आणि मग चेहरा. तेव्हा अशा हुतात्म्यांचे ‘अस्सल चित्र’ मागणे म्हणजे त्यांच्याकडे ती संपत्ती होती असे गृहीत धरणे होय. आणि तरीही मराठी संशोधनव्यवहारात नेमके हेच मागितले जाते. एखाद्या विद्यार्थ्याने अशा माणसाचे चरित्र हा विषय घेतला की त्याला सांगण्यात येते : साधने अपुरी आहेत, पत्रे नाहीत, रोजनिशी नाही, छायाचित्र नाही, व्यक्तिमत्त्व उभे राहणार नाही. ‘व्यक्तिमत्त्व उभे राहणे’ हा शब्दप्रयोगच चौथऱ्यावरून आलेला आहे. जे उभे राहत नाही ते अस्तित्वात नाही, असा त्याचा गर्भित अर्थ.

यावर कोणी म्हणेल की नामावळी म्हणजे चरित्र नव्हे. नावांच्या यादीला वाङ्मयीन संहितेचा दर्जा देणे ही भावनावशता आहे. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी भावनेची गरज नाही. उत्कीर्ण चित्राने सिद्ध करून दाखविले आहे की चेहरा बदलला तरी लेख सत्ता चालवितो. मराठी नाण्याने सिद्ध करून दाखविले आहे की चेहरा नसला तरी लेख सत्ता चालवितो. मग तोच लेख सत्ताहीनाच्या बाबतीत तेवढा अपुरा का ठरावा? छत्रपतींच्या होनावरील अक्षरे पुरेशी, आणि कातकऱ्याच्या नावाची अक्षरे मात्र ‘साधनांचा अभाव’? हा दुटप्पीपणा समीक्षेच्या निकषांतून आलेला नाही, तो सामाजिक सवयीतून आलेला आहे, आणि त्याला निकषाचे नाव देणे तरी थांबविले पाहिजे.

अर्थात नामपट्टीही निष्पाप नसते. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, शासनाने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रे दिली. तांबे पुन्हा एकदा अधिकाराचे वाहन झाले. या वेळी देणारी सत्ता नवी होती, पण कोणाचे नाव कोरायचे हे ठरविण्याचा हक्क पूर्वीप्रमाणेच देणाऱ्याकडे राहिला. कोरलेले नाव जेवढे सांगते तेवढेच न कोरलेले नाव सांगते. मामलेदाराच्या मृत्यूची नोंद राज्ययंत्रणेच्या कागदांत ज्या भाषेत होते आणि हुतात्म्यांची नोंद गावाच्या स्मरणात ज्या भाषेत होते, त्या दोन भाषांमधील अंतर वाचणे हे समीक्षेचे काम आहे. ते काम चेहरा सापडण्याची वाट पाहत थांबलेले नाही. थांबले आहेत ते समीक्षक.

तेव्हा मागणी अगदी मर्यादित आहे. ग्रंथातील चित्राचा विचार करताना ते कोणाशी जुळते हे विचारण्यापूर्वी ते काय सांगण्यासाठी रचले आहे हे विचारावे; चौथरा, चौकट आणि लेख यांचे वाचन चेहऱ्याच्या वाचनाइतक्याच काटेकोरपणे व्हावे; आणि चरित्राच्या निकषांतून ‘व्यक्तिमत्त्व उभे करण्याची’ बरोक अट काढून टाकावी. लोंबारच्या पत्र्यावरील बिनडोक्या स्वाराला युरोपने तीन शतके सत्ताधीश म्हणून ओळखले. चिरनेरच्या आठ नावांना चेहऱ्यावाचून ओळखण्यासाठी मराठी समीक्षेला आणखी कोणता पुरावा हवा आहे, ते तिने एकदा स्पष्ट सांगावे.